कोनाकडं आले जी?

नवतपा लागला की भंडाऱ्यात माणसाचं डोकं चालत नाही, हे जुनंच. घरफोड्या पकडायचं यंत्रही त्याच दिवसांत चालत नाही, हे आम्हाला ते घरी बसवल्यावर कळलं.

यंत्र धाकट्या भावानं बसवलं. म्हणजे पुण्यात बसून बसवलं. पुण्याला गेलेल्या पोरांना गावाकडच्या आईची काळजी मधूनमधून दाटून येते आणि ऑनलाइन काहीतरी मागवल्याशिवाय ती ओसरत नाही. आधी रक्तदाब मोजायचं मशीन आलं, मग पाय चोळायचं मशीन आलं, आणि मग नागपूरहून एक पोरगा शिडी घेऊन आला. त्यानं समोरच्या खोलीत छताच्या कोपऱ्यात एक पांढरी डबी ठोकली, दारांच्या चौकटींना चुंबकं लावली, सपरीत आणि अंगणात कॅमेरे टांगले, गच्चीच्या जिन्यावर भोंगा बसवला आणि आईला म्हणाला, "आजी, आता घरात माशी शिरली तरी कळेल." माशी शिरलेली कळते, हे त्याचं खरं निघालं. अडचण इतकीच, की माशीच कळते.

ती कोपऱ्यातली डबी म्हणजे पीआयआर सेन्सर. स्वतःहून ती काहीच सोडत नाही, नुसती बघत बसते. माणसाच्या अंगातून सारखी उष्णता बाहेर पडत असते, ८ ते १४ मायक्रॉन लांबीच्या न दिसणाऱ्या किरणांची. ती तिला दिसते. डबीच्या तोंडावर जे दुधी प्लास्टिक असतं त्यावर खाचाखाचांचं भिंग असतं. त्यानं खोलीचे पट्टे पाडलेले असतात. गार भिंतीसमोरून गरम माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात गेला की फरक पडतो, आणि फरक पडला की भोंगा. सगळं शास्त्र एका गृहीतावर उभं आहे: माणूस भिंतीपेक्षा गरम असतो. हे गृहीत ज्यानं धरलं त्यानं विदर्भात एकही मे महिना काढलेला नाही. आमची स्लॅबची खोली दिवसभर पंचेचाळिसाच्या उन्हात भाजलेली असते. रात्री बारा वाजता भिंत असते छत्तीस-सदतीस, चोरही असतो छत्तीस-सदतीस. यंत्राच्या दृष्टीनं चोर हा भिंतीचाच एक पुढे आलेला भाग. घामानं चिंब होऊन, खांब तलावाकडचं वारं खात आलेला असला तर उलट भिंतीपेक्षा गारच. अशा चोराला खोलीत घेतलं तर थोडं बरंच वाटेल.

यावर कंपन्यांनी उपाय केलेला आहे. उष्मा वाढला की डबी आपोआप जास्त संवेदनशील होते. त्या वेळी तिला चोर दिसतो की नाही माहीत नाही, पण पाल दिसते. पाल बिचारी खोलीभर फिरली तर कोणाला पत्ता लागत नाही, पण भिंगावरूनच चालत गेली तर यंत्राला ती भल्या मोठ्या देहाची वाटते. आमच्या घरात शंकेची पाल एरवीही चुकचुकतच असे. आता ती एकशे दहा डेसिबलनं चुकचुकते.

मग कूलर आला. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, कूलर म्हणजे खिडकीला टेकवलेलं एक पत्र्याचं कपाट, त्याला तीन बाजूंनी ताट्या, आत पाणी, आणि रात्रभर असा घरघराट की शेजारच्या खोलीत कोणी कुलूप तोडलं, तिजोरी सरकवली, दोन-चार लोकांनी मिळून गोदरेजचं कपाट जिन्यावरून उतरवलं तरी कूस बदलायचं कारण पडू नये. भंडाऱ्यातल्या उन्हाळी चोऱ्यांना कूलरची साथ नसती तर चोरांना फार जड गेलं असतं. शिवाय कूलरच्या झोताने पडदा हलतो, गार-गरम हवा खोलीभर फिरते, आणि डबी वेडी होते. बसवणाऱ्या पोराला फोन केला. तो म्हणाला, "सर, कूलर चालू असताना सिस्टिम बंद ठेवा." कूलर आणि चोर यांतून एकाची निवड करायची वेळ आली. आम्ही कूलर निवडला. एकमतानं.

या पोरानं नंतर एक महागडा उपायही सुचवला. एकाच डबीत दोन तंत्रं: एक उष्णता बघणार, दुसरं मायक्रोवेव्ह लहरी सोडून हालचाल बघणार, आणि दोघांचं एकमत झालं तरच भोंगा वाजणार. ही डबी म्हणजे सामाईक सातबाऱ्यावरचे दोन भाऊ. चोर आला, गेला, त्यानं नेलेलं विकलंही, तरी यांचं एकमत होईल याची खात्री काय?

या धंद्याला तशी बरीच वर्षं झाली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ऑगस्टस पोपनं २१ जून १८५३ रोजी विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचं पेटंट घेतलं. दार-खिडकी उघडली की तारा जुळत, वीज वाहू लागे आणि घंटा वाजायला लागे. आणि खुबी अशी की चोरानं घाबरून दार पुन्हा लावून घेतलं तरी ती थांबत नसे. पोपच्या हातून ते पेटंट १८५७ मध्ये एडविन होम्सनं विकत घेतलं. बोस्टनमध्ये त्याचा धंदा म्हणावा तसा उचलेना, तेव्हा १८५९ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. मला यात व्यापारी बुद्धी दिसते. चोरघंटा विकायची तर आधी चोर भरपूर असलेलं गाव शोधावं लागतं. त्या हिशेबानं भंडाऱ्यात हा धंदा करणाऱ्यांचं धाडस कौतुकास्पद आहे. इथं पितळेच्या भांड्यांची दुकानं आहेत, त्यांतलं एक घंगाळ उचलून पळायला चोराला आधी तालमीत जावं लागेल, आणि ते हातातून सुटलं तर निघणाऱ्या आवाजापुढे पोपची घंटा काय करणार!

चौकटीत बसतो तो रीड स्विच १९३६ मधला, बेल लॅबच्या वॉल्टर एलवूड यांचा. काचेच्या इवल्या नळीत दोन लोखंडी पात्या. दाराला लावलेलं चुंबक जवळ आहे तोवर पात्या चिकटलेल्या, दार उघडलं की सुटल्या. याहून साधं काही नाही, आणि याहून टिकाऊही. फक्त दार नीट लागायला हवं. आमची दारं सागवानी, आजोबांच्या वेळची. मृगाचे दोन पाऊस पडले की ती फुगतात आणि थेट दसऱ्यापर्यंत चौकटीत पूर्ण बसत नाहीत; खालून बोटभर फट राहतेच. चुंबक आणि स्विच यांची चार महिने ताटातूट. पॅनेलवर लाल दिवा: दार उघडं, दार उघडं. पण याच दाराचा एक गुण यंत्रवाल्याच्या लक्षात आलेला नव्हता. ते उघडताना असं किंचाळतं की गल्लीतली कुत्री उठतात. मृच्छकटिकातला शर्विलक आठवतो ना? भिंतीला भोक कुठल्या आकाराचं पाडावं याचा शास्त्रोक्त विचार करणारा, आणि माप घ्यायला दुसरं काही नाही म्हणून जानवं वापरणारा तो विद्वान चोर. आत शिरल्यावर चारुदत्ताचं जुनं दार कुरकुरलं तेव्हा त्यालाही पाणी शोधावं लागलं होतं. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीच्या उज्जयिनीत आणि आजच्या भंडाऱ्यात सर्वांत खात्रीचं यंत्र एकच आहे: बिजागरीला तेल न घालणं. यात आमच्या घराण्याची कामगिरी मोठी आहे. तीन पिढ्यांत कोणी घातलेलं नाही.

आता मुळातला प्रश्न: घुसखोर कोण? यंत्र म्हणतं, जो गरम आहे आणि हलतो तो. ही व्याख्या लावली तर आमच्या घरात पहिला घुसखोर मीच, पहाटे साडेचारला पाणी प्यायला उठणारा. कायदा जरा शहाणा आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेनं नुसत्या आत येण्याला गुन्हा धरलं नाही, आत येण्यामागचा हेतू विचारला. गुन्हा करायला, धमकावायला, अपमान करायला किंवा त्रास द्यायला दुसऱ्याच्या जागेत शिराल तर ती आगळीक. इतकंच नाही, आधी रीतसर आत आलात, पण नंतर त्याच हेतूनं बेकायदा मुक्काम ठोकलात, तरी आगळीकच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, पण हा भाग कायम राहिला, आणि मला वाटतं योग्यच झालं. आमच्याकडे लग्नसराईत येणाऱ्या काही पाहुण्यांचं वर्णन याहून नेमकं कोणाला करता आलं नसतं. त्याच कायद्यात आणखी एक बारकावा आहे: अंगाचा कोणताही एक भाग आत आला तरी शिरणं पूर्ण धरतात. शेजारच्या काकूंची मान रोज सकाळी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून कढईपर्यंत येते. हेतू नक्की काय, हे ठरवायला न्यायालयच लागेल.

हेतू विचारायची सोय पीआयआरमध्ये नाही. आमच्या आईत आहे. ती सपरीत खाटेवर बसते आणि फाटकाची कडी वाजली की मान न वळवता विचारते, "कोनाकडं आले जी?" या तीन शब्दांत जे आहे ते कुठल्याही कंपनीला डबीत भरता आलेलं नाही. उत्तर आलं की दुसरी पायरी: "कोन्या गावचे?" समोरचा म्हणतो तुमसर. "तुमसरात कोठं? राइस मिलच्या बाजूनं का स्टेशनकडं?" तिथून आडनाव, तिथून मामाचं गाव. मामाचं गाव हा पासवर्ड आहे. आडनाव खोटं सांगता येतं, मामाचं गाव खोटं सांगून आईसमोर टिकलेला माणूस मी पाहिलेला नाही, कारण त्या गावात तिचं कोणी ना कोणी असतंच. साकोली म्हणा, लाखांदूर म्हणा, नाहीतर गोंदियाकडचं म्हणा; १९९९ मध्ये जिल्ह्याची वाटणी होऊन गोंदिया वेगळा झाला हे सरकारला मान्य आहे, आईला नाही. तिचं क्षेत्र अखंड भंडारा जिल्ह्याचं आहे. वीज बिल, बॅटरी, इंटरनेट, काही लागत नाही. सकाळी एक कप चहा, त्यात साखर जरा जास्त. दोष एकच. ज्याची ओळख पटली त्याला जेवल्याशिवाय ती जाऊ देत नाही. चोराचं मामाचं गाव जर खरंच निघालं, तर तो जेवून जाईल.

न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाची एक परिचारिका होती. तिच्या कामाच्या वेळा अवेळी, नवराही बाहेर, आणि बोलावल्यावर पोलीस येणार केव्हा याचा भरवसा नाही. तिनं दाराला वेगवेगळ्या उंचीवर भोकं पाडली, त्यांच्यासमोर वर-खाली सरकणारा कॅमेरा लावला, झोपायच्या खोलीत टीव्ही ठेवला, बोलायला-ऐकायला सोय केली, आणि पलंगावरूनच दार उघडायचं बटण बसवलं. २ डिसेंबर १९६९ रोजी तिला पेटंट मिळालं. आजचे सारे घरगुती कॅमेरे त्याच कल्पनेच्या वाटेनं आलेले. तिचा विचार असा होता, की घरातल्याला बाहेरचा दिसावा. माझ्या भावानं तो उलटा केला: बाहेरच्याला घरातले दिसतात.

हिंजवडीत मिटिंगमध्ये असताना त्याच्या फोनवर सूचना येते, "ह्यूमन डिटेक्टेड". तो दचकून उघडतो, तर आपली आई अंगणात वड्या वाळत घालत असते. पुन्हा सूचना. आई वड्या उलटत असते. एकदा त्यानं तिथूनच कॅमेऱ्याच्या भोंग्यातून विचारलं, "आई, तो अंगणात कोण आलाय?" खांबातून पोराचा आवाज आल्यावर आई आधी घाबरली, मग सावरली आणि खांबालाच म्हणाली, "गॅसवाला होय. जेवलास का?" तेव्हापासून खांबाशी तिचं बरं जमलंय. दुपारी कोणी नसलं की ती खांबाजवळ जाऊन हातवारे करते. सूचना जाते, भाऊ बोलतो. मला वाटतं या सबंध यंत्रणेचा झालेला हा एकमेव उपयोग, आणि तो खोक्यावर छापलेला नाही.

दिवाळीच्या सुमाराला मात्र सूचना इतक्या येतात की भाऊ फोन बंद ठेवतो. आमचा धानाचा जिल्हा. धान निसवला, पिकत आला, की तुडतुडे हजारोंनी दिव्यांवर झेप घेतात. संध्याकाळी सातला दिवा लावून जेवायला बसलात तर वरणात धणे आहेत की तुडतुडे हे निरखून बघावं लागतं. कॅमेरा नेमका ट्यूबलाइटशेजारी. तुडतुड्यांमागे पाल, पालीमागे मांजर, आणि हे सगळं फुकटात मिळतंय म्हणून कॅमेऱ्याच्या तोंडावरच जाळं विणून बसलेला कोळी. वाऱ्यानं जाळं हललं की हालचाल. दिवसा गच्चीवर वानरांची टोळी येते. तिची सूचनाही "ह्यूमन" म्हणूनच येते. कवेलू गेले, स्लॅब आले, तेव्हा आता वानरांचा त्रास संपला असं वडील म्हणाले होते. वानरांना कवेलू उचकटण्याचे कष्ट वाचले, एवढाच फरक पडला.

दुकानं, बँका, गोदामं यांचा भोंगा घरच्यापेक्षा मोठा, आणि त्यामुळे लोकांचं दुर्लक्षही मोठं. बाजारातल्या एका बँकेचा सायरन एका रात्री दहानंतर वाजू लागला. समोरच्या टपरीवर लोक तर्री-पोहे खात होते. एकानं मान वर केली, "लाइन गेली वाटते," म्हणाला, आणि तर्री वाढून घेतली. बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही. यात भंडाऱ्याचा दोष नाही. अमेरिकेत पोलिसांकडे जाणाऱ्या अशा इशाऱ्यांतले शंभरातले चौऱ्याण्णवाहून जास्त खोटे निघत आले आहेत, तिथल्या न्याय खात्यासाठी केलेल्या पाहणीतच तसं लिहिलंय. सायरन ऐकून दचकणारा एकच माणूस असतो, तो म्हणजे कुलूप तोडत असलेला. तोही दोनदा ऐकल्यावर दचकत नसावा. गंमत अशी की कॅमेरे, काचा, शटर, सायरन हे सगळं कागद ठेवलेल्या इमारतींना. आधारभूत केंद्रांवर घेतलेल्या धानाची पोती कित्येकदा उघड्यावर ताडपत्रीखाली असतात. त्यांच्यावर पहारा करायला उंदीर ठेवलेले असतात.

पण भंडारा जिल्ह्यात सर्वांत मोठी घुसखोर-शोध यंत्रणा गावात नाहीच, जंगलात आहे. नागझिरा, कोका, तिकडे उमरेड-कऱ्हांडला. झाडाच्या बुंध्याला गुडघ्याएवढ्या उंचीवर कॅमेरा ट्रॅप बांधलेला असतो, त्यात हीच आमच्या कोपऱ्यातली डबी: गरम काही हललं की फोटो. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभरात २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते. त्यांनी काढलेले फोटो ३ कोटी ४८ लाख ५८ हजार ६२३. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. त्यांपैकी वाघाचे किती? ७६ हजार ६५१. बिबट्याचे ५१ हजार ७७७. म्हणजे साडेचारशे वेळा कॅमेरा खटकन उघडला तेव्हा कुठे एकदा वाघ. हे वाचल्यापासून मी भावाच्या सूचनांबद्दल तक्रार करणं सोडलं. शिवाय वनखात्याची माणसं पट्ट्यांवरून वाघ ओळखतात. त्याच गणनेत २,४६१ वाघ एकेकटे ओळखून काढले. आमच्या अॅपला आई आणि वानर वेगळे काढता येत नाहीत.

आणि जंगलात घुसखोर कोण, हा हिशेब उलटा. कॅमेऱ्याला ते कळत नाही, तो गरम दिसेल त्याचा फोटो काढतो. पहाटे मोहफुलं वेचायला निघालेल्या बाया, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणारे, हरवलेली गाय शोधणारा गुराखी, आणि गुराखी हरवला म्हणून त्याला शोधणारी गाय. गावातल्या कॅमेऱ्यात वाघ दिसला तर आपण ओरडतो, जंगलातल्या कॅमेऱ्यात आपण दिसलो तर वाघानं ओरडायला हवं. तो ओरडत नाही. त्याच्याकडे सूचना येत नाहीत.

जय नावाच्या वाघाची गोष्ट इकडे पोरासोरांना ठाऊक आहे. नागझिऱ्यात वाढलेला हा प्रचंड नर २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडल्यात पोचला. नकाशा काढून बघा. मधे राष्ट्रीय महामार्ग आहे, वैनगंगा आहे, गावं, बांध्या, बोड्या, मालगुजारी तलाव, आणि प्रत्येक गावाच्या वेशीवर आपापली कुत्री. एवढा देह या सगळ्यातून आरामात निघून गेला. पवनी हे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचं गाव आहे, त्याला तट आहे, खंदक आहे. १९६९-७० च्या उत्खननात तिथं स्तूप सापडले. तेवढा बंदोबस्त करणाऱ्या पूर्वजांच्या आसपासच्या शिवारात हा फिरत होता. मग त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातली. आता घुसखोर स्वतःच सांगणार होता, मी इथं आहे, मी इथं आहे. आणि एप्रिल २०१६ मध्ये कॉलर गप्प झाली. माणसं लागली, बक्षीस लागलं, शिवारं पालथी घातली. कॉलर नव्हती तेव्हा तो दिसला होता. असो, हा विषय इथं बोलताना लोक हसत नाहीत.

हसतात ते रानडुकरांवर. म्हणजे हसून घेतात, दुसरं करणार काय! धान लोंबीत आला की डुकरांची टोळी एका रात्रीत बांधीचा चोथा करते. त्यासाठी शेतकऱ्यानं काय काय यंत्रं काढली ती पाहिली की नागपूरचा शिडीवाला पोरगा त्यांच्याकडे शिकायला पाठवावासा वाटतो. धुऱ्यावर दोरीला बांधलेल्या रिकाम्या बाटल्या, वाऱ्यानं एकमेकींवर आपटणाऱ्या. या बाटल्या रिकाम्या कशा झाल्या हे शेतकऱ्याच्या बायकोला विचारू नये. चौफेर ताणलेली जुनी लुगडी आणि साड्या. लाल, हिरव्या, जरीकाठी. लांबून वाटतं शिवारात कोणाचं हळदी-कुंकू आहे. पहिले आठ दिवस डुकरं बिचकतात, मग साडी वर करून आत जातात. त्यानंतर निघाला स्पीकर. त्यात चिप, चिपमध्ये शेतकऱ्याचाच आवाज: "हो... होऽऽ... हाट्ट!" दर मिनिटाला रात्रभर. पहाटे शिवारातून जावं तर अंधारात दहा दिशांनी दहा अदृश्य माणसं हाकलतायत आणि मधोमध डुकरं निवांत चरतायत. बँकेच्या सायरनखाली तर्री खाणारा माणूस आणि हे डुक्कर यांच्यात मला फरक करता येत नाही.

आता आलंय झटका मशीन. सौर पाटी, बॅटरी, एक डबा, आणि शेताभोवती तार. तारेतून सेकंदा-सेकंदाला हजारो व्होल्टचा पण क्षणभराचा ठोका जातो. लागला की माणूस किंवा डुक्कर झटकन मागं होतं, मरत नाही. (तारेत थेट घरचा करंट सोडणारे वेगळे. त्यांनी वाघ मारलेत आणि माणसंही, आणि त्याला यंत्र म्हणत नाहीत.) काही मशिनांना सायरन असतो, तारेला कोणी भिडलं की वाजतो. जन-वन योजनेत ७५ टक्के अनुदान आहे. पवनी तालुक्यात माझ्या मामेभावाचं शेत आहे, जंगलाला लागून. त्यानं घेतलं. मला फोन करून सांगितलं, "दादा, आता जागल संपली." त्याचा बाप, त्याचा आजा, सगळे आयुष्यभर धानाच्या दिवसांत जागलीला गेलेले, मचाणावर घोंगडी, डबा बडवायला काठी, शेकोटी. पुढे ते नाही, याचा त्याला आनंद होता आणि मला त्याचा हेवा वाटला, कारण माझी जागल यंत्र आल्यावर सुरू झालेली.

मागच्या हंगामात त्याच्याकडे गेलो. जेवणं झाली, आठ वाजले, आणि गडी घोंगडी खांद्यावर टाकून, टॉर्च घेऊन निघाला.

"कुठं चालला रे?"

"जागलीले."

"आणि मशीन? बिघडली का?"

"बिघडन कायले! मस्त चालते." त्यानं टॉर्च खाली वळवला. खाटेखाली सौर पाटी, बॅटरी आणि तो डबा, तिन्ही धुतलेल्या गोणपाटावर शिस्तीत मांडलेले. "दिवसभर लावून ठेवतो. सांज झाली का खोलून घरी आनतो. रात्री शेतात ठेवली त चोर नेतात ना दादा."

"मग रात्री डुकरं आली तर?"

"म्हनून त चाललो."